निअँडरथलांना सोयरे कमी पडले



सायबेरियाच्या दक्षिणेला, अल्ताई पर्वतात, चारीश नदीच्या काठावर चागिर्स्काया नावाची गुहा आहे. सुमारे ५४,००० वर्षांपूर्वी निअँडरथल माणसांची एक टोळी तिथे उतरत असे. खालच्या खोऱ्यातून बायसनचे कळप जायचे, त्यांची शिकार करायची आणि गुहेत बसून खायची, असा त्यांचा क्रम होता. २०२२ साली लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी या गुहेतल्या ११ आणि जवळच्याच ओक्लादनिकोव्ह गुहेतल्या २ माणसांचा डीएनए वाचून प्रसिद्ध केला. त्या ११ जणांत एक बाप आणि त्याची वयात आलेली मुलगी निघाली. आणखी एक लहान मुलगा आणि एक प्रौढ बाई एकमेकांच्या जवळच्या नात्यातली निघाली. ती त्याची मावशी असेल, आत्या असेल, आजीही असेल. निअँडरथलांचं एक कुटुंब, नात्यागोत्यासकट, माणसाच्या हाती पहिल्यांदाच लागलं.

त्या डीएनएतून आणखी एक गोष्ट पुढे आली. आईकडून मुलांकडे येणारा डीएनए या लोकांत बराच वेगवेगळा होता, आणि बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र मात्र जवळजवळ एकसारखं होतं. म्हणजे पुरुष जन्मल्या टोळीतच राहायचे आणि मुली सासरी जायच्या. टोळीतल्या निम्म्याहून जास्त बायका बाहेरून आलेल्या असाव्यात, असा संशोधकांचा हिशेब आहे. आणि ही टोळी होती केवढी? दहा ते वीस माणसांची. माणसामाणसांतला जनुकीय फरक इतका थोडा होता, की तेवढा सारखेपणा आज नामशेष होण्याच्या काठावर असलेल्या माउंटन गोरिलांच्या कळपांत आढळतो.

निअँडरथल का संपले आणि आपण का उरलो, या प्रश्नाचं लोकांच्या तोंडी असलेलं उत्तर सोपं आहे: ते मठ्ठ होते, आपण हुशार होतो. प्रस्तुत वक्त्याला ते उत्तर मान्य नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे हाती आलं आहे ते पाहिलं, तर उत्तराचा मोठा भाग त्या दहा-वीस जणांच्या टोळीत आणि दुसरी टोळी किती लांब होती, या हिशेबात सापडतो.

मठ्ठपणाचा शिक्का त्यांच्यावर बसला कसा, हे आधी पाहू. १८५६ च्या उन्हाळ्यात जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळच्या निअँडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीचं काम चालू होतं. फेल्डहोफर गुहेतला चिखल उपसताना कामगारांना हाडं लागली. अस्वलाची असतील, असं सगळ्यांना वाटलं. योहान कार्ल फुलरोट नावाच्या शाळामास्तरांच्या हाती ती पडली, आणि ही माणसाची हाडं आहेत, पण आपल्यासारख्या माणसाची नाहीत, हे त्यांनी ओळखलं. डार्विनचा ग्रंथ यायला अजून तीन वर्षं होती. त्यामुळे विद्वानांना हे पचणं कठीण होतं. एका प्राध्यापकांनी हा नेपोलियनच्या पाठलागावर आलेला आजारी कोसॅक घोडेस्वार ठरवला. रुडोल्फ फिर्खोव्ह हे त्या काळातलं वैद्यकशास्त्रातलं मोठं नाव. त्यांनी ही रोगट हाडं आहेत असा निर्वाळा दिला. १८६४ मध्ये विल्यम किंग यांनी ‘होमो निअँडरथलेन्सिस’ हे नाव दिलं, तेव्हा कुठे या माणसाला स्वतःची ओळख मिळाली.

खरं नुकसान पुढे झालं. १९०८ मध्ये फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सेंत इथे एका वृद्ध निअँडरथलचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. मार्सेलें बूल यांनी त्याचं जे वर्णन केलं त्यात तो पाठीत वाकलेला, गुडघ्यात मुडपलेला, मान पुढे काढून चालणारा प्राणी झाला. वर्तमानपत्रांनी, चित्रकारांनी, पुढे सिनेमावाल्यांनी तेच चित्र उचललं. तो म्हातारा संधिवाताने वाकला होता, हे स्ट्रॉस आणि केव्ह या दोन शरीरशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये दाखवून दिलं. पण तोवर अर्धं शतक गेलं होतं आणि ‘निअँडरथल’ ही शिवी होऊन बसली होती.

आता त्यांच्या हातून काय काय झालं ते पाहा. दक्षिण फ्रान्समध्ये ब्रुनिकेल नावाची गुहा आहे. तोंडापासून ३३६ मीटर आत, जिथे उजेडाचा किरण पोचत नाही, तिथे चुन्याचे लवणस्तंभ तोडून, त्यांचे सुमारे ४०० तुकडे रचून केलेली वर्तुळं आहेत. त्यांवर जाळाच्या खुणा आहेत. वय १,७६,५०० वर्षं. तेव्हा युरोपात निअँडरथलांखेरीज दुसरं कोणी नव्हतं. इतक्या आत जायचं तर दिवटी विझू न देता जावं लागतं, आणि एकट्याने हे होत नाही. एकाने तोडायचं, दुसऱ्याने वाहायचं, तिसऱ्याने उजेड धरायचा. हे सगळं ठरवल्याशिवाय होत नाही.

बर्च झाडाची साल हवा कोंडून तापवली की तिच्यातून काळा, चिकट डिंक निघतो. निअँडरथल तो काढत आणि दगडाचं पातं लाकडी दांड्याला चिकटवत. फ्रान्समधल्याच आब्री द्यु मारा इथल्या एका दगडी पात्याला झाडाच्या अंतर्सालीच्या तंतूंची तीन पदरी पिळलेली दोरी चिकटलेली मिळाली. तुकडा जेमतेम सहा मिलिमीटरचा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळणार नाही. पण तीन पदर आधी एका दिशेने पिळायचे आणि मग तिन्ही मिळून उलट दिशेने वळायचे, हे ज्याला जमतं त्याला मंदबुद्धी कसं म्हणायचं? क्रोएशियातल्या क्रापिना इथे गरुडाच्या नख्या मिळाल्या, कापल्याच्या आणि घासल्याच्या खुणा असलेल्या, सुमारे १,३०,००० वर्षांपूर्वीच्या. त्या दागिना म्हणून वापरल्या असाव्यात.

इराकी कुर्दिस्तानातल्या शानिदार गुहेत राल्फ सोलेकी यांना १९५० च्या दशकात जो पहिला प्रौढ सांगाडा मिळाला, त्याची गोष्ट तर कोणालाही चटका लावेल. डाव्या डोळ्याशी कवटी चेपलेली, बहुधा त्या डोळ्याने दिसत नसावं. उजवा हात वाळलेला, कोपराच्या वर तुटलेला. पायांत व्यंग. कानाच्या नळ्यांत हाड वाढल्यामुळे ऐकूही फारसं येत नसावं. या सगळ्या जखमा मरणाच्या खूप आधीच्या आणि भरून आलेल्या. हा माणूस चाळिशी ओलांडून गेला. ज्या जगात शिकार केली तरच जेवण, तिथे अशा माणसाला कोणीतरी वर्षानुवर्षं खाऊ घातलं, सोबत नेलं, जनावरांपासून राखलं. त्यांच्यात माया नव्हती, असं म्हणायची सोय या सांगाड्याने ठेवलेली नाही.

मेंदूचं म्हणाल तर त्यांची कवटी सरासरीने आपल्याएवढी किंवा जराशी मोठीच होती. आतली रचना वेगळी असेल, आणि त्यावर काम चालू आहे. पण बुद्धीतल्या फरकावर सगळं ढकलून मोकळं व्हावं, असा पुरावा आज नाही.

मग हवामानाने त्यांचा घात केला का? हे कारण नेहमी सांगितलं जातं आणि ते अर्धंमुर्धं खरंही आहे. ६०,००० ते ४०,००० वर्षांपूर्वीच्या काळात युरोपचं हवामान फार लहरी होतं. काही शतकांत जंगलांची गवताळ माळरानं व्हायची आणि पुन्हा जंगलं यायची. सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिकवर हिमनगांचा लोंढा आला आणि कडाक्याची थंडी पडली. त्याच सुमारास इटलीत नेपल्सजवळ काम्पी फ्लेग्रेईचा प्रचंड स्फोट झाला. त्याची राख रशियाच्या मैदानापर्यंत गेली. पण निअँडरथल काही काल आलेले नव्हते. सुमारे चार लाख वर्षं ते त्याच खंडात राहत होते आणि याहून मोठी हिमयुगं त्यांनी पचवली होती. शिवाय त्या राखेच्या थराचा माग काढल्यावर असं दिसलं, की बऱ्याच ठिकाणी राख पडायच्या आधीच त्यांचा माग पुसट झाला होता.

ज्वालामुखीच्या राखेचा विषय निघालाच आहे तर जाता जाता आपल्याकडचं सांगायला हवं. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी इथे अशीच राख आहे. तिच्या वयावरून अभ्यासकांमध्ये दीर्घकाळ वाद झाला. आंध्र प्रदेशातल्या ज्वालापुरम इथे मात्र सुमात्रातल्या टोबाच्या, सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या, स्फोटाची राख ओळखता आली, आणि तिच्या खाली व वर एकाच धाटणीची दगडी हत्यारं मिळाली. एवढा मोठा स्फोट झाला तरी तिथला माणूस टिकून राहिला, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. एकट्या ज्वालामुखीने माणूस संपत नाही.

कत्तलीचाही मुद्दा काढला जातो: आपल्या पूर्वजांनी येऊन त्यांना मारून काढलं असेल. चकमकी झाल्याच नसतील, असं कोण म्हणेल! पण खंडभर कत्तल झाल्याची खूण कुठेही सापडलेली नाही. दोघे युरोपात काही हजार वर्षं एकाच वेळी नांदत होते. ऑक्सफर्डच्या टॉम हायम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये युरोपभरच्या ठिकाणांची कार्बन कालमापनं नव्याने करून घेतली. निअँडरथल ४१,००० ते ३९,००० वर्षांपूर्वीच्या दरम्यान संपले आणि त्याआधी दोघांचा सहवास २,६०० ते ५,४०० वर्षं होता, असं त्यांत निघालं. लढाईत हरलेली जमात इतकी वर्षं तग धरत नाही.

आता आकड्यांकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. निअँडरथल स्पेनपासून सायबेरियापर्यंत पसरलेले होते. नकाशावर पाहिलं तर मोठं साम्राज्य वाटावं. पण जनुकांमधल्या विविधतेवरून एकूण लोकसंख्येचा अंदाज बांधता येतो, आणि २०२४ मध्ये प्रिन्स्टनच्या जोशुआ एकी यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात ही ‘परिणामकारक’ संख्या सुमारे २,४०० निघाली. ही प्रत्यक्ष शिरगणती नव्हे. खरी माणसं यापेक्षा जास्त असणार. तरीही एखाद्या तालुक्याच्या गावात मावतील एवढी माणसं दोन खंडांवर विखुरलेली होती, असं म्हणायला हरकत नाही.

विखुरलेल्या टोळ्यांना लग्नसंबंध जोडायचे तर चालत जावं लागतं, आणि पलीकडच्या खोऱ्यात कोणी असावंही लागतं. ते जमलं नाही की काय होतं, याची साक्ष हाडं देतात. अल्ताईतल्याच डेनिसोव्हा गुहेत एका निअँडरथल बाईच्या पायाच्या बोटाचं हाड मिळालं. २०१४ मध्ये तिचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा कळलं, की तिचे आईबाप सावत्र बहीणभाऊ किंवा काका-पुतणी यांच्याइतक्या जवळच्या नात्याचे होते. उत्तर स्पेनमधल्या एल सिद्रोन गुहेत १३ माणसांची हाडं मिळाली, सुमारे ४९,००० वर्षांपूर्वीची. दुसऱ्या कोणी त्यांना मारून खाल्लं असावं, अशा कापल्याच्या खुणा हाडांवर आहेत. पण इथे महत्त्वाचं आहे ते वेगळंच. २०१९ मध्ये या हाडांची पुन्हा बारकाईने तपासणी झाली आणि १७ जन्मजात दोष सापडले. मानेच्या पहिल्या मणक्याची कमान मागे न जुळलेली, एकाच्या जबड्यात दुधाचा दात मोठेपणीही तसाच राहिलेला, असे ते दोष. एकट्याने यातला कोणताही दोष जीव घेत नाही. मात्र एका छोट्या गटात इतके दोष एकत्र दिसणं हे पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात लग्नं होत राहिल्याचं लक्षण आहे.

सगळ्यांत विलक्षण उदाहरण दक्षिण फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यातलं आहे. मांद्रें नावाच्या गुहेत लुडोविक स्लिमाक यांच्या चमूला २०१५ मध्ये एका निअँडरथल पुरुषाचा जबडा आणि दात मिळू लागले. त्याला त्यांनी थोरिन हे नाव दिलं. तो ४२,००० ते ५०,००० वर्षांपूर्वी जगला, म्हणजे अगदी शेवटच्या निअँडरथलांपैकी एक. पण त्याचा डीएनए इतका जुनाट धाटणीचा निघाला, की तो एक लाख वर्षांपूर्वीचा असावा असं प्रथम जनुकशास्त्रज्ञांना वाटलं. पुरातत्त्वज्ञ आणि जनुकशास्त्रज्ञ यांचा मेळ बसायला काही वर्षं गेली. २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: थोरिनचं कूळ सुमारे ५०,००० वर्षं बाकीच्या निअँडरथलांपासून तुटलेलं होतं. आजूबाजूला दुसरे निअँडरथल नव्हते, असं नाही. दहा-पंधरा दिवस चाललं तर गाठता यावेत अशा अंतरावर ते होते. तरी या लोकांनी पन्नास हजार वर्षं त्यांच्याशी सोयरीक जोडली नाही. का? भाषा वेगळ्या झाल्या असतील, वैर असेल, किंवा परक्याकडे मुलगी द्यायची नाही असा रिवाजच असेल. हाडं ते सांगत नाहीत.

अशा गटाला संपवायला शत्रू लागत नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर एकेकाळी माळढोक सहज दिसत; अभयारण्य झालं, शिकार थांबली, आणि तरी आज एखादा पक्षी दिसला तर बातमी होते. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. संख्या अशी खाली आली की एक अंडं फुटलं, एक नर दुसरीकडे उडून गेला, एक पावसाळा वाईट गेला, एवढंही भारी पडतं. जीवशास्त्रज्ञ निअँडरथलांसाठी हाच हिशेब मांडतात. फ्रान्समधल्या आन्ना देजोआनी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये गणित करून दाखवलं, की तरुण बायकांच्या जननक्षमतेत अवघी २.७ टक्के घट झाली आणि ती तशीच राहिली, तरी दहा हजार वर्षांत निअँडरथल संपले असते. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या क्रिस्त फासेन यांच्या गटाने आणखी कडक गणित केलं: आपले पूर्वज युरोपात आलेच नसते असं धरलं, तरी लहान संख्या, जवळच्या नात्यातली लग्नं आणि योगायोगाने होणारे जन्ममृत्यूंचे चढउतार, एवढ्यावरही त्यांचं संपणं शक्य होतं. थोडी थंडी वाढली, शिकारीच्या वाटेवर नवे लोक येऊन बसले, पलीकडच्या खोऱ्यातली टोळी उठून गेली. अशा जमातीला तेवढं पुरे होतं.

याच्या उलट बाजूही आहे आणि ती सांगितली नाही तर अप्रामाणिकपणा होईल. जर्मनीत नॉयमार्क-नॉर्ड इथल्या तळ्याकाठी सव्वा लाख वर्षांपूर्वी निअँडरथलांनी ७० हून अधिक हत्ती सोलले. सरळ सुळ्यांचे, आजच्या आफ्रिकी हत्तीहून मोठे हत्ती. एक हत्ती म्हणजे कित्येक टन मांस, आणि ते नासायच्या आत संपवायचं किंवा सुकवायचं तर दहा-वीस माणसं पुरत नाहीत. हे काम पाहणाऱ्या संशोधकांचं म्हणणं आहे, की किमान काही काळ निअँडरथल मोठ्या मेळाव्याने एकत्र येत होते. हवा उबदार होती, शिकार मुबलक होती, तेव्हा त्यांनाही सोयरे मिळत होते.

आता आपल्या पूर्वजांकडे पाहू. मॉस्कोच्या पूर्वेला व्लादिमिर शहराजवळ सुंगिर नावाची जागा आहे. सुमारे ३४,००० वर्षांपूर्वी तिथे दोन मुलांना डोक्याला डोकं लावून एका लांब खड्ड्यात पुरलं. एक दहाच्या, दुसरा बाराच्या आसपासचा. धाकट्याच्या मांड्यांची हाडं वाकडी आणि आखूड, म्हणजे त्याला नीट चालता येत नसावं. त्यांच्या अंगावर मॅमथच्या सुळ्याचे कोरून केलेले मणी होते, दोघांचे मिळून दहा हजारांच्या आसपास. एक मणी कोरायला, भोक पाडायला, घासायला तासभर धरला तरी हजारो तासांची मेहनत होते. शेजारी मॅमथचा वाकडा सुळा सरळ करून केलेले भाले. त्यांतला एक सुमारे २.४ मीटर लांब. असा सुळा सरळ कसा करायचा, यावर आजही कारागीर प्रयोग करतात.

इतकी वर्षं ही दोघं भावंडं आहेत असं सगळे मानत होते. २०१७ मध्ये सुंगिरच्या चार माणसांचा डीएनए वाचला गेला. मुलं भाऊ नव्हती. चुलत-मावस भाऊही नव्हती. त्या चौघांत जवळचं नातं कुठेच निघालं नाही, आणि जवळच्या नात्यातल्या लग्नाची खूणही नाही. ज्यांची टोळी निअँडरथलांच्या टोळीपेक्षा फार मोठी नव्हती, त्यांनी लांबलांबच्या टोळ्यांशी सोयरीक जोडून ठेवली होती, एवढं त्यावरून स्पष्ट दिसतं. मणी, शिंपले, गारगोटीचे चांगले दगड शेकडो किलोमीटर फिरत होते, ते याच वाटांनी. निअँडरथलांचा दगड बहुतेक वेळा जवळपासचाच असतो.

तेव्हा सुंगिरच्या लोकांकडे असं काय होतं? भालेही दोघांकडे होते, विस्तवही होता, मेलेल्याला पुरायची रीतही निअँडरथलांकडे होती. वक्त्याच्या मते उत्तर त्या मण्यांत आहे. मणी अंगावर घालून माणूस परक्या टोळीत गेला, तर तो कोणाचा, कुठला, कोणाच्या घरचा, हे तोंड उघडायच्या आधी कळतं. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण हजारो मणी कोरायला बसणाऱ्या समाजाला त्यातून काही मिळत असलं पाहिजे. वाईट वर्षात दुसऱ्या खोऱ्यात जाऊन ओळखीच्या लोकांत हिवाळा काढता येणं, हे त्यांतलं सर्वांत मोलाचं असणार.

इथे मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. आधुनिक माणूस युरोपात शिरला आणि सरळ जिंकत गेला, असं झालं नाही. आपले पूर्वजही तिथे मरत राहिले. त्याच मांद्रें गुहेत सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या थरात आधुनिक मुलाचा एक दात आणि अगदी छोटी दगडी टोकं मिळाली. त्याच्या वरच्या थरांत पुन्हा निअँडरथल आले. पहिले पाहुणे टिकलेच नाहीत. जर्मनीतल्या रानिस किल्ल्याखालच्या गुहेत सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीच्या सहा माणसांचा डीएनए २०२४ मध्ये वाचला गेला. त्यांत एक आई आणि तिची मुलगी होती. तिथून सुमारे २३० किलोमीटरवर, चेक प्रजासत्ताकातल्या झ्लाटी कून इथे सापडलेली बाई त्यांच्या दूरच्या नात्यातली निघाली. आजच्यापेक्षा खूपच थंड युरोपात हे लोक फिरत होते आणि त्यांचा सगळा समुदाय काहीशे माणसांचाच होता. त्यांच्या कुळातलं आज जगात कोणी उरलेलं नाही. रोमेनियातल्या ओआसे गुहेतल्या तरुणाचंही तसंच. त्याचा खापरपणजोबा किंवा त्याआधीची एखाद-दुसरी पिढी निअँडरथल होती. त्याच्या जनुकसंचात सहा ते नऊ टक्के भाग त्यांचा आहे. त्याचा वंशही पुढे युरोपात चालला नाही.

ज्या कारणाने निअँडरथल संपले त्याच कारणाने आधुनिक माणसांच्या या पहिल्या टोळ्या संपल्या: माणसं थोडी, मदत लांब. दोघांत फरक एवढाच, की एक टोळी संपली तर मागून दुसरी येत होती. आफ्रिकेत आणि पश्चिम आशियात आपल्या पूर्वजांची मोठी वस्ती होती. निअँडरथलांच्या मागे कोणी नव्हतं. त्यांची टोळी गेली की ते खोरं मोकळं व्हायचं आणि मोकळंच राहायचं, किंवा त्यात दुसरे येऊन बसायचे.

आणि सोयरीक निअँडरथलांशीही झाली होती. स्वांते पॅबो यांनी २०१० मध्ये निअँडरथल जनुकसंचाचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला आणि आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसात एक-दोन टक्के निअँडरथल वारसा आहे, हे पुढे पक्कं झालं. पॅबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. हा संकर ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वी, म्हणजे सात हजार वर्षं चालला होता, असा २०२४ मधला हिशेब आहे. पण एक गोष्ट खटकत राहते. शेवटच्या काळातल्या ज्या निअँडरथलांचा जनुकसंच वाचला गेला, त्यांत आपल्या पूर्वजांचा ताजा वारसा सापडत नाही, थोरिनमध्येही नाही. मुलं झाली ती आपल्या टोळ्यांत वाढली. दोन्ही बाजूंना जाणारी वाट एकाच बाजूने चालू होती. ज्यांना बाहेरच्या रक्ताची सर्वाधिक गरज होती, त्यांच्याकडे ते पोचलं नाही. इतकंच काय, मुलांना जन्म देऊ शकणारी त्यांची माणसं समोरच्या टोळीत जात असतील, तर आधीच थोडी असलेली संख्या आणखी घटली असणार. लेखी पुरावा असता तर या सात हजार वर्षांवर ग्रंथ लिहिले गेले असते.

भारतात निअँडरथलचा एकही सांगाडा सापडलेला नाही. नर्मदाकाठी हथनोरा इथे १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना मिळालेली कवटी जुन्या माणसाची आहे, पण ती निअँडरथलची नव्हे. तरी त्यांचा वारसा आपल्याकडे आहेच, आणि कोविडच्या साथीत तो कसा जाणवला हे ह्यूगो झेबर्ग आणि पॅबो यांनी २०२० मध्ये दाखवलं. तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा असलेल्या माणसाला कोविडचा आजार गंभीर होण्याचा धोका जास्त, आणि तो तुकडा निअँडरथलांकडून आलेला. दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांकडे त्याची किमान एक प्रत आहे. युरोपात सुमारे १६ टक्के लोकांकडे. पुढच्याच वर्षी त्याच दोघांनी बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा निअँडरथल तुकडा दाखवला, जो गंभीर आजाराचा धोका उलट कमी करतो. इथे राहणाऱ्यांत हे तुकडे इतके का टिकले, कोणत्या जुन्या रोगाशी लढताना त्यांचा उपयोग झाला, यावर आता काम चालू आहे. २०२५ मध्ये देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या २,७०० हून अधिक भारतीयांच्या जनुकसंचांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या सगळ्यांकडचे निअँडरथल तुकडे एकत्र जोडले, तर निअँडरथलांचा जवळजवळ निम्मा जनुकसंच उभा राहतो, असं त्यात निघालं. उरलेला निम्मा कोणत्या लोकांत आहे, आणि त्यातला किती कोणातच नाही, हा पुढचा शोध आहे.